माझी गोळी मालकांना चालेल का?

पत्र असं आहे :

"मॅडम, नाव-गाव छापू नका, सांगली जिल्हा एवढंच पुरे. आमचे मालक कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवतात. तीन वर्षांपूर्वी ट्रॉलीवरून पडले, कंबर दुखावली. तेव्हा ट्रामाडॉलच्या 50 च्या कॅप्सूल मिळाल्या. दुखणं थांबलं, पण कॅप्सूल थांबली नाही. आता दिवसाला आठ-दहा होतात. एक दिवस मिळाली नाही की घाम, जांभया, जुलाब, रात्रभर पाय आपटणं. आता तेच म्हणतात, सोडायचं. मुलगा बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिप्रेशनच्या गोळ्यांनी उंदरांमधला अफूचा विड्रॉवल कमी होतो, असं त्याने मोबाईलवर वाचून दाखवलं. आई गेल्यापासून मला फ्लुओक्सेटीन 20 चालू आहे. माझ्याच पट्टीतली रोज एक देऊन घरीच सोडवलं तर? दवाखान्यात गेलं की गावभर होतं. – एक बहीण"

ताई, उत्तर आधी सांगते, कारण पत्र छापून येईपर्यंत तुम्ही थांबला असाल की नाही याची मला धास्ती आहे. देऊ नका. तुमच्या पट्टीतली एकही गोळी त्यांना देऊ नका. आणि ट्रामाडॉलही एका दिवसात बंद करू नका. आधीच एखाद-दुसरी दिली असेल तर घाबरून जाऊ नका, पण पुढची देऊ नका आणि डॉक्टरांना ते लपवू नका.

मुलाला मात्र रागावू नका. त्याने चुकीचं वाचलेलं नाही. असे अभ्यास खरंच आहेत. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुव्होक्सामीन, व्हेन्लाफॅक्सीन, सगळी औदासीन्यावरचीच औषधं. अफूतल्या मॉर्फिनची सवय लावलेल्या उंदरांना ती दिली तर विड्रॉवलची, म्हणजे सवयीचं औषध बंद झाल्यावर होणाऱ्या त्रासाची, काही लक्षणं कमी होतात, असं वेगवेगळ्या प्रयोगशाळांना दिसलेलं आहे. प्रश्न एवढाच की 'लक्षण कमी झालं' हे लिहितात कसं. ते मला चांगलं माहीत आहे, कारण औषधशास्त्र शिकवायला लागण्याआधी ऐन उमेदीची काही वर्षं मी हेच मोजत बसायची.

प्रयोग असा असतो. उंदराला काही दिवस मॉर्फिन टोचायचं, रोज थोडं वाढवत. (मराठीत आपण दोघांनाही उंदीरच म्हणतो, पण लॅबमध्ये हाताएवढा तो रॅट आणि चिमूटभर तो माऊस, आणि दोघांची वागणूक वेगळी.) शरीर मॉर्फिनला सरावलं की नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन द्यायचं. ते मॉर्फिनला त्याच्या जागेवरून ढकलून लावतं, आणि एरवी माणसाला कित्येक दिवस पुरणारा त्रास अर्ध्या तासात गोळा होऊन बाहेर येतो. माऊस काचेच्या उंच बरणीत उभ्या उड्या मारतो. रॅट उड्या कमी मारतो, पण पावसात भिजलेलं कुत्रं ओसरीवर येऊन नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकतं ना, तसं झटकतो. दात कटकटतात, पापण्या मिटायला लागतात, जुलाब होतात, अर्ध्या तासात वजन उतरतं. समोर आम्ही, एका हातात काउंटर आणि मांडीवर छापील तक्ता. झटका, टिक. उडी, टिक. कुठल्या पिंजऱ्याला कोणतं औषध दिलंय हे मोजणाऱ्याला सांगायचं नाही असा नियम. पण पिंजऱ्याकडे बघूनच कळायचं कधी कधी, कारण औषध दिलेला उंदीर कोपऱ्यात पेंगत असायचा.

इथेच ग्यानबाची मेख आहे. पेंगणारा उंदीर उडी मारत नाही. तक्त्यावर उड्या शून्य, आलेख सुंदर. त्याचा विड्रॉवल कमी झाला की त्याला नुसती गुंगी आली, हे तक्ता सांगत नाही. अमिट्रिप्टिलीनसारखी जुन्या पिढीतली औषधं घ्या. ती आतड्याची हालचाल मंदावतात, तोंड कोरडं करतात. ती दिल्यावर जुलाब थांबले, तर अफूची सवय ढिली झाली म्हणून थांबले की पोट आखडलं म्हणून? आणि ते अंग झटकणं तर फारच फसवं. मेंदूत सेरोटोनिन (पेशींमधला एक रासायनिक निरोप्या, फ्लुओक्सेटीनसारख्या गोळ्या तोच वाढवतात) वाढवलं तर ज्या रॅटने जन्मात मॉर्फिन पाहिलं नाही तोही तसंच अंग झटकतो. म्हणजे सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधाची परीक्षा आपण अशा लक्षणावर घेत होतो, जे सेरोटोनिन स्वतःच बदलू शकतं. चांगले संशोधक हे जाणतात. ते गुंगी वेगळी मोजतात, मॉर्फिन न दिलेले उंदीर शेजारी ठेवतात. पण मोबाईलवर येते ती एकच ओळ.

तरी उंदरांना मी नावं ठेवणार नाही. पाय आपटणं, घाम, काटा येणं हे सगळं कुठून येतं ते त्यांनीच आपल्याला दाखवलं. तुमच्या घरच्या भाषेत सांगते. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावल्या की ट्रॅक्टरला जास्त रेस द्यावी लागते. इंजिन त्या ओझ्याला सरावतं. चालत्या गाडीत मध्येच पिन निसटली आणि ट्रॉल्या मागे राहिल्या, तर ट्रॅक्टर पुढे कशी उसळी घेतो ते मालकांना विचारा. मेंदूच्या खोडात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा इवलासा पुंजका आहे, नॉरअ‍ॅड्रेनलिन तयार करणारा. अफू त्याला मागे खेचून धरते. महिनोन् महिने ओढ लागली की पेशी आतून रेस वाढवतात. औषध थांबलं की पिन निसटते. 1978 मध्ये उंदरांच्या मेंदूत या पेशींची उसळी क्लोनिडीन या रक्तदाबाच्या औषधाने दबते असं दिसलं, आणि त्याच वर्षी माणसांमध्येही ते औषध विड्रॉवलवर चालतं असं प्रसिद्ध झालं. आज व्यसनमुक्तीच्या वॉर्डात क्लोनिडीन वापरतात, रक्तदाबावर नजर ठेवून. म्हणजे उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता आहे. पण तो क्लोनिडीनने ओलांडला. पहिल्या आठवड्याच्या त्रासावर फ्लुओक्सेटीनच्या कुळातली गोळी हा आज कुठेही रुळलेला उपचार नाही.

आता तुमच्या घरातल्या दोन पट्ट्यांकडे येऊ. उंदरांना दिलं होतं मॉर्फिन. तुमचे मालक घेतात ट्रामाडॉल. या दोन्हींत मोठा फरक आहे, आणि सगळा धोका त्या फरकात आहे.

ट्रामाडॉल हे अर्धवट तयार झालेलं अफूसारखं औषध आहे असं समजा. यकृतातलं एक एन्झाइम, सीवायपी 2डी6, त्याचं रूप बदलतं. बदलून जो पदार्थ तयार होतो तो अफूच्या रिसेप्टरला (पेशीवरच्या अफू बसते त्या जागेला) मूळ ट्रामाडॉलपेक्षा सुमारे 200 पट घट्ट धरतो. खरी कामगिरी त्याची. मूळ ट्रामाडॉल दुसरंच काम करतं : मेंदूतलं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवतं. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये थोडी अफू आणि थोडी डिप्रेशनची गोळी. आणि फ्लुओक्सेटीन नेमकं त्याच 2डी6 एन्झाइमला कुलूप लावतं.

मग काय होईल बघा. तुम्ही चांगल्या मनाने सकाळी एक गोळी दिली. आठवडाभरात कुलूप पक्कं बसलं. त्याच आठ-दहा कॅप्सूलमधून आता अफूचा भाग कमी मिळतो. मालकांना घाम, जांभया, कंबर ठणकायला लागली. ते काय करतील? अकरावी घेतील, बारावी घेतील. त्याने अफूचा भाग फारसा वाढणार नाही, पण न बदललेलं ट्रामाडॉल रक्तात साचत जाईल. ट्रामाडॉलची दिवसाची कमाल मात्रा 400 मिलिग्रॅम. ते आत्ताच 400 ते 500 वर आहेत. या पातळीवर फिट येण्याचा धोका असतोच, आणि सेरोटोनिन वाढवणारी दुसरी गोळी सोबत असेल तर तो आणखी वाढतो. ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला फिट आली तर काय होईल ते मी लिहीत नाही.

दुसरी भीती सेरोटोनिन सिंड्रोमची. दोन्हीकडून सेरोटोनिन वाढलं की घाम फुटतो, हात थरथरतात, जुलाब होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, माणूस अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतो. आता ही यादी विड्रॉवलच्या यादीशेजारी ठेवा. जवळजवळ तीच! तुम्हाला रात्री दोन वाजता वाटेल, सुटतंय, म्हणून त्रास होतोय, सोसू दे. आणि प्रत्यक्षात ते विषबाधेकडे चाललेले असतील. अंग तापाने भाजायला लागलं, स्नायू ताठ झाले, पाऊल वर दाबून धरल्यावर आपोआप धडधड उडायला लागलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा फिट आली, तर सकाळची वाट बघायची नाही, 108 ला फोन. दोन्ही पट्ट्या सोबत.

यातलं काहीच उंदरांच्या त्या प्रयोगात दिसलं नसतं. मॉर्फिनला हे एन्झाइम लागत नाही, आणि आपलं हे एन्झाइम जसंच्या तसं उंदराच्या यकृतात नसतंच, त्याची चुलत भावंडं असतात. बी.फार्मवाल्या चिरंजीवांसाठी आणखी एक : रॅटला किलोमागे 10 मिलिग्रॅम दिलं असं वाचलंस की त्याला साठ किलोने गुणून मोकळं व्हायचं नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रॅटच्या मात्रेला साधारण 6 ने भागतात, माऊसच्या मात्रेला 12 ने. तरीही रॅटचे ते 10 माणसाला शंभरच्या आसपास पडतात. फ्लुओक्सेटीनची माणसाची कमाल मात्रा 80 आहे आणि तुझ्या आईची 20. आणि औषध कधी दिलं ते बघ : मॉर्फिनच्या सोबत रोज, की नॅलोक्सोनच्या आधी एकदाच, की मॉर्फिन थांबल्यावर? तीन वेगळे प्रश्न आहेत ते. अशा पेपरांच्या ढिगात टायनेप्टिन हे नावही सापडेल. तेही डिप्रेशनचंच औषध, अनेक वर्षं विकलं गेलेलं. 2014 मध्ये कळलं की ते स्वतःच अफूच्या रिसेप्टरवर बसतं. त्याने विड्रॉवल कमी झाला तर नवल काय! पण त्याचीच सवय लागून त्याचाच विड्रॉवल झालेले रुग्ण अमेरिकेत आहेत.

तिसऱ्या प्रश्नापाशी मात्र मी थांबणार आहे. मुलाने दाखवलेल्या बातमीत तुमच्या कामाचं काही असेल तर ते तिथेच आहे.

फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गच्या एका गटाने 2011 मध्ये माऊसवरचं एक काम प्रसिद्ध केलं. मॉर्फिन चढत्या मात्रेने दिलं, मग थांबवलं, आणि नुसतं त्या अर्ध्या तासाकडे न बघता चार आठवडे वाट पाहिली. उड्या, थरथर यांचा काळ मागे पडला. पण चौथ्या आठवड्यात वेगळंच दिसलं : अनोळखी उंदीर शेजारी सोडला तर हा त्याच्याकडे जाईना, हुंगेना. अडचणीत टाकलं तर धडपड लवकर सोडून द्यायचा. उंदराच्या मनात काय चाललंय हे कुणी छातीवर हात ठेवून सांगू नये, मीही सांगणार नाही. पण मॉर्फिन थांबल्यानंतरच्या त्या काळात ज्यांना फ्लुओक्सेटीन दिलं होतं, त्यांच्यात हे एकलकोंडेपण आलं नाही. 2014 मध्ये त्याच मंडळींना हेरॉइन सोडलेल्या उंदरांमध्येही असंच एकलकोंडेपण दिसलं.

मालकांच्या बाबतीत याचा अर्थ असा. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात जे होईल ते डोळ्यांना दिसेल, आणि त्यावर उपाय आहेत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात जे होईल ते दिसणार नाही. जुलाब नाहीत, घाम नाही, सगळे म्हणतील सुटला गडी. आणि ते पारावर जायचे बंद होतील. मित्र बोलवायला आला तर 'नाही म्हणून सांग'. जेवण पुढ्यात, लक्ष नाही. अनेक माणसं परत गोळीकडे जातात ती अशा दिवसांत. आणि तेव्हा शरीराची सवय उतरलेली असते, त्यामुळे पूर्वीच्या दहा कॅप्सूल एकदम घेतल्या तर श्वास मंदावू शकतो, जीवही जाऊ शकतो. हे त्यांना सोडण्याआधीच, शुद्धीत असताना, स्पष्ट सांगून ठेवा.

त्या दिवसांत डिप्रेशनची गोळी लागू शकते. लागेलच असं नाही. माणसांवरचा पुरावा उंदरांइतका स्वच्छ नाही. व्यसनाच्या उपचारावर असलेल्या सगळ्यांनाच ती दिल्याने फायदा होतो असं म्हणण्याजोगं काही हाती आलेलं नाही. पण ज्याला खरंच डिप्रेशन आहे त्याला त्याचा उपचार मिळायलाच हवा. कोणती गोळी, किती, ट्रामाडॉल पुरतं उतरल्यावर किती दिवसांनी, हे मानसोपचार डॉक्टर ठरवतील. कदाचित तुमच्याच नावाची गोळी निघेल. तेव्हा ती त्यांच्या चिठ्ठीवर असेल, तुमच्या पट्टीतली नाही. आणि तुमची पट्टी अर्ध्या महिन्यात संपली असती तर तुमचं काय झालं असतं, याचा पत्रात तुम्ही विचारसुद्धा केलेला नाही. आई गेल्यानंतर तुम्ही कशा सावरलात ते तुम्हालाच माहीत.

सोडवायचं कसं? सावकाश. डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात, किंवा जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनवर (व्यसनमुक्तीत वापरतात ते अफूच्या कुळातलं औषध) घेऊन मग पुढचा विचार करतात. ट्रामाडॉल एकदम थांबवलं तर नेहमीच्या त्रासाशिवाय काहींना जबर घबराट, भास, अंगात विजेचे झटके असंही होतं, कारण त्या कॅप्सूलमधली 'डिप्रेशनची गोळी'ही एकदम थांबते. म्हणून मन कितीही घट्ट केलं तरी हे घरी, एकट्याने करायचं काम नव्हे. कमरेचं दुखणंही त्याच वेळी नीट तपासून घ्या. ते तसंच राहिलं तर कोणतीही व्यसनमुक्ती टिकायची नाही.

गावभर होण्याची भीती मला कळते. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढताना ओळखीचं कुणी भेटेलच. त्याआधी घरातून बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फोन आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी वेगळा 14446 आहे. आणि पोलिसांची धास्ती असेल, कारण 2018 पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्यात आलं आहे, तर त्याच कायद्यात कलम 64अ आहे : स्वतःच्या वापरासाठी थोडं बाळगणारा व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि त्याने ते पूर्ण केले, तर खटल्यापासून संरक्षण. चिठ्ठीशिवाय कॅप्सूल देणाऱ्या दुकानदाराला ते नाही. तुम्ही एकट्या नाही हेही सांगते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे 2 कोटी 26 लाख निघाले होते, आणि मेडिकलमधल्या गोळ्या घेणारे पाहणीतल्या वयोगटातल्या दर शंभर माणसांत जवळजवळ एक, म्हणजे हेरॉइन घेणाऱ्यांच्या फार मागे नाहीत.

जाण्याआधीच्या तीन-चार दिवसांत मुलाला एक काम द्या. रोज सकाळ, दुपार, रात्र किती कॅप्सूल गेल्या ते वहीत लिहायचं. कमी करायला सांगायचं नाही, वादही नाही, नुसतं मोजायचं. पूर्वी कधी फिट आली होती का, पडले तेव्हा डोक्याला मार होता का, दारू किती, झोपेची गोळी चालू आहे का, हेही लिहा. कॅप्सूल पोटात असताना ट्रॅक्टरवर बसू नये हे खरं तर मी आजच सांगायला हवं, पण हंगामात ते कितपत ऐकतील माहीत नाही. निदान रात्रीच्या फेऱ्या तरी दुसऱ्याला द्या.

आणि निघताना पिशवीत ट्रामाडॉलची रिकामी पट्टी टाका, सोबत तुमच्या फ्लुओक्सेटीनचीही. डॉक्टरांच्या टेबलावर दोन्ही शेजारी-शेजारी ठेवा आणि मला विचारलंत तेच त्यांना विचारा.